देवाने दिलेले साठ हजार

माझ्या लिहिण्यात चुका असणार, त्याची आधीच माफी मागते. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे मला कधी उमगलं नाही. अक्षर तर असं की किराणा सामान लिहून नेलं तर दुकानदार कागद परत माझ्याच हातात देतो आणि म्हणतो, तुम्हीच वाचा. न्हावऱ्याच्या शाळेत मी चौथीपर्यंत शिकले. पुढे आई रोज कांदा काढायला जायला लागली, धाकट्या दोघांना बघायला घरात कोणी नव्हतं, म्हणून माझी शाळा सुटली. हे मी कोणाला दाखवायला लिहीत नाही. तरी कोणाच्या हाती लागलंच, तर अक्षराबद्दल माफ करावं. बाकी कशाबद्दल मी माफी मागणार नाही. मी चिडले आहे आणि चिडूनच लिहायला बसले आहे.

मला चार माणसांत बोलता येत नाही. लहानपणापासून असंच आहे. आम्ही ख्रिस्ती. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बुधवारी भगिनींची प्रार्थना असते. सगळ्या गोल बसतात, हातात हात धरतात आणि एकेक जण आळीपाळीने मोठ्याने प्रार्थना करते. जिला करायची नसेल तिने शेजारणीचा हात दाबायचा, म्हणजे पाळी पुढे जाते. लग्न होऊन दौंडला आले तेव्हापासून मी हात दाबतच आले. माझ्या डाव्या हाताला बसणाऱ्या मावशी म्हणायच्या, "हिची पाळी आली की माझी बोटं मोडत्यात." सगळ्या हसायच्या, मीही हसायचे. प्रार्थना मी घरी करायचे, भांडी घासताना, मनातल्या मनात. देवाला ऐकू येत होतं असं मला वाटायचं.

माझे मालक कुरकुंभला एका कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली कामाला होते. मोठी पिंपं धुवायची, हलवायची, असं काम. एका दुपारी पिंपातलं उरलेलं औषध उसळून त्यांच्या उजव्या पायावर आलं. गुडघ्यापासून खाली कातडं राहिलं नाही. ठेकेदाराने दवाखान्यात आणलं, पहिल्या दिवसाचे पैसे भरले आणि "मी येतो" म्हणून गेला. नंतर त्याचा फोन लागेना. डॉक्टर म्हणाले, मांडीची कातडी काढून पायाला लावावी लागेल, आठवड्याच्या आत पैसे भरा, नाहीतर पायाचं सांगता येत नाही.

आमच्याजवळ काहीच नव्हतं. माझ्या गळ्यातलं आधीच मुलीच्या आजारपणात गेलेलं. मंडळीने उपास धरून प्रार्थना केली. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, आणि मंडळीतले एक वडील दवाखान्यात आले. मंडळीचा कारभार बघणाऱ्या जुन्या माणसांना आम्ही वडील म्हणतो. ह्यांना सगळे आप्पा म्हणतात. त्यांच्या चार म्हशी आहेत, भांडगावच्या रस्त्याला थोडी जमीन आहे. आप्पांनी खिशातून पाकीट काढलं, माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "घे पोरी. प्रभूनं धाडलंय. ह्यात आमचं काय बी न्हाई."

मी म्हणाले, "आप्पा, एवढे?"

"त्याच्याकडं कमी हाय का? त्यानं दिलं, तू घेतलं. आपण नुसते हमाल."

पाळकसाहेब आमेन म्हणाले. मग दोघांनी मालकांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. पाकिटात साठ हजार होते. मी ते छातीशी धरून दवाखान्याच्या जिन्यात बसले आणि इतकी रडले की नर्सला वाटलं आमचं माणूस गेलं.

आता मला कोणीही विचारावं, आप्पांच्या ह्या बोलण्यातून मी काय समजायला हवं होतं?

माझे वडील न्हावऱ्याला लोकांच्या उसाला पाणी द्यायचे. शाळा त्यांनीही फार पाहिली नव्हती. पण ते प्रार्थना करायचे ती मला आजही पाठ आहे. डोक्यावरची टोपी काढायची, बांधावर उभं राहायचं आणि म्हणायचं, "प्रभू, पाटलांची ज्वारीची दोन पोती द्यायची हायत. माझ्या ध्यानात हायत, तुझ्या बी असू दे." जे उसनं ते उसनं म्हणायचे, जे दान ते दान. देवाचं नाव घेऊन त्यांनी कधी ह्या दोन गोष्टी एकत्र कालवल्या नाहीत. मी त्यांची मुलगी. मला कोणी म्हणालं की देवाने दिलं, तर मी देवाने दिलं असंच समजणार.

ऑपरेशन झालं. कातडी धरली. मालक घरी आले, पाय उशीवर ठेवून खाटेवर पडून राहायचे. आणि आमच्या मंडळीची रीत अशी की प्रार्थनेचं उत्तर मिळालं की रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून साक्ष द्यायची, म्हणजे देवाने काय केलं ते सांगायचं. पाळकसाहेब घरी येऊन म्हणाले, "ताई, साक्ष दाबून ठेवू नका. आशीर्वाद अडतो."

मी म्हणाले, "मला जमत नाही साहेब. ह्यांना बरं वाटलं की हेच देतील."

"त्यांचा पाय देवाने वाचवला, पण पाकीट तुमच्या हातात दिलं ना?"

मी दोन रविवार टाळले. तिसऱ्या रविवारी उभी राहिले. पुढचं बाक दोन्ही हातांनी धरलं होतं. मी म्हणाले, "देवाने मला साठ हजार दिले. मी मागितले नव्हते. फुकट दिले. कोणी परत मागणार नाही असे दिले. त्याची स्तुती असो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ढोलकीवाल्याने एक थाप मारली. मावशींनी माझी पाठ थोपटली. आप्पा पहिल्या बाकावर मान खाली घालून बसले होते. मला वाटलं, केवढा नम्र माणूस आहे.

उपासना सुटली. बाहेर चपला शोधत होते तेवढ्यात आप्पांची बायको माझ्याजवळ आली. त्यांना आम्ही काकू म्हणतो. त्या हसतच बोलल्या, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा.

"काय गं, हे काय बोललीस तू? फुकट दिले, परत मागणार न्हाई! आता आमी मागायचे कसे?"

मला कळेना. मी म्हणाले, "काय मागायचे, काकू?"

"अगं, साठ हजार! दुधाचे साठवलेले हुते, पोरीच्या लग्नाला. देवानं काय नोटा छापल्या का?"

चपला घालणाऱ्या बायकांपैकी कोणीतरी फसकन हसलं. मी आप्पांकडे पाहिलं. ते जवळच उभे होते. ते म्हणाले, "देवाचेच हायत की. पण देवाकडनं आधी माझ्याकडं आले हुते ना, पोरी? सवडीनं दे. मी काय घाई करतोय व्हय?"

मी घरी आले ती चप्पल हातात घेऊनच आले. रस्त्यात घालायचं सुचलं नाही.

लोक मला म्हणाले, एवढं काय त्यात, समजुतीचा घोटाळा झाला. नाही. मी आयुष्यात एकदा माणसांपुढे तोंड उघडलं. ते देवाच्या नावाने उघडलं. आणि जे बोलले ते दाराबाहेर पडेपर्यंत खोटं ठरलं. पैसे देणं मला कठीण नव्हतं, म्हणजे कठीण होतंच, पण तो राग नव्हता. राग हा होता की माझ्या तोंडून देवाला खोटं पाडलं. आणि पाडलं कोणी? ज्यांच्या तोंडी दिवसभर त्याचंच नाव असतं त्यांनी.

आम्ही सगळेच असं बोलतो, हेही खरं आहे. आमच्यात "मी दिलं" म्हणायचं नाही, तो गर्व होतो. "प्रभूने दिलं" म्हणायचं. भाजी आणून दिली तरी प्रभूने. गाडीवर बसवून दवाखान्यात सोडलं तरी प्रभूने. आप्पा कपटी होते असं मी म्हणत नाही. त्यांच्या मुलीचं लग्न होतं, पैसे त्यांच्या घामाचे होते, आणि ते मागायची त्यांना लाज वाटत होती म्हणून काकूंना पुढे केलं, हे सगळं मला समजतं. पण समजलं म्हणून राग जातो असं नाही.

पाळकसाहेब पुन्हा आले. म्हणाले, "येत्या रविवारी उभं राहून दोन शब्द बोला, की समजण्यात चूक झाली, पैसे उसने होते. म्हणजे आप्पांच्या मनाला बरं वाटेल."

मी म्हणाले, "आप्पा दवाखान्यात जे बोलले तेच मी बोलले. चूक झाली असेल तर त्यांनी उभं राहावं."

"ताई, राग सैतानाकडून असतो. स्तुती करा. परीक्षेच्या वेळीच स्तुती करायची असते."

मालक खाटेवरून म्हणाले, "साहेब, स्तुती करून करूनच तर घोटाळा झालाय."

साहेब हसले नाहीत. मला मात्र त्या महिन्यात पहिल्यांदा हसू आलं, तेही रागातच.

नंतर बुधवारच्या प्रार्थनेत काकू मोठ्याने म्हणायला लागल्या, "हे बापा, आमच्या ह्या बहिणीला ओझ्यातून मोकळी कर, तिला हातभार दे, तिनं दिलेल्या शब्दाची तिला आठवण दे." कोणता शब्द मी दिला होता? सगळ्या डोळे मिटून आमेन म्हणायच्या. मी डोळे उघडे ठेवून काकूंच्या तोंडाकडे बघायचे. माझी पाळी आली की मावशींचा हात दाबायचे, आणि आता त्या हसायच्या नाहीत. रविवारी अर्पणाची थैली फिरायची तेव्हा मी दहा रुपये टाकले तरी काकूंची मान माझ्याकडे वळायची. मी जायचं बंद केलं नाही. बंद केलं असतं तर ते म्हणाले असते, पैसे बुडवून पळाली. पण गाणं बंद केलं. लोक उभे राहून गायचे, मी उभी राहायचे आणि तोंड मिटून ठेवायचे.

मी कुरकुंभच्या चौकाजवळ एका खानावळीत चपात्या लाटायला लागले. मालकीण भांडगावची. त्यांच्या सासऱ्यांपर्यंत मेंढरं होती, आता शेती आहे आणि ही खानावळ. बोलायला फटकळ. तिथे कंपनीतली पाळीवाली पोरं जेवायला येतात, बरीचशी बिहार आणि यूपीची. पहिल्या दिवशी एकाने माझी चपाती उचलून धरली आणि म्हणाला, "आंटी, ये रोटी है कि गद्दा है?" मालकीण आतून ओरडली, "गद्दा समज के सो जा उसपे!" हळूहळू माझा हात बसला.

पीठ मळताना मी प्रार्थना करायचे. ती काही मंडळीत चालेल अशी नव्हती. मी म्हणायचे, तू दिलेस की नाही दिलेस, एकदा सांग. दिलेस म्हणावं तर परत का मागतात? नाही दिलेस म्हणावं तर तुझ्या नावाचं पाकीट माझ्या हातात आलंच कसं? मी तुझी स्तुती केली तेव्हा तू कुठे बघत होतास? पिठाला असे गुद्दे बसायचे की मालकीण म्हणायची, "अगं, मरंल ते पीठ. कुणावर राग काढतीस?"

एकदा मी तिला सगळं सांगितलं. कशी सांगून गेले ठाऊक नाही, बहुतेक तिला आमच्यातलं काही ठाऊक नव्हतं म्हणून. ती चपाती भाजता भाजता ऐकत होती. म्हणाली, "मंग तुमचा देव जामीन राहिला म्हण की."

मला ते लागलं. पण तेवढ्यावर ती थांबली नाही. "आन् तो ठेकेदार? त्याच्याकडं कोण गेलतं?"

कोणी गेलं नव्हतं. मालकांना चालता येत नव्हतं. त्यांच्या कामाची दोन पगारांची रक्कम राहिली होती, दवाखान्याचा खर्च त्याच्यावर होता. मंडळीने त्याच्यासाठीही प्रार्थना केली होती, देवाने त्याचं मन मऊ करावं म्हणून. पण फोनसुद्धा उचलू नये इतकं ते कडकच राहिलं होतं.

चपातीला गद्दा म्हणणाऱ्या पोरानेच सांगितलं, ठेकेदार शनिवारी दुपारी गेटवर येतो, पांढरी गाडी आहे. मी शनिवारी मालकिणीला विचारून निघाले. चालताना प्रार्थना केली नाही. देवाशी तेव्हा माझं बोलणंच धड नव्हतं. गाडी गेटातून बाहेर आली आणि मी समोर जाऊन उभी राहिले. हाताला पीठ तसंच होतं.

त्याने काच खाली केली. "ओ बाई, बाजूला व्हा."

मी कोणाची बायको ते सांगितलं.

"हां हां. त्याचं बघतोय मी. सोमवारी या."

"न्हाई."

"न्हाई म्हंजी?"

"सोमवारी बी येईन. पण आज हितंच उभी हाय. घाला अंगावर."

माझा आवाज माझ्याच कानाला अनोळखी वाटला. मागे दुसऱ्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या. पाळी सुटलेली पोरं जमली. ती माझ्या हातचं रोज खात होती. त्यातला एक जण म्हणाला, "आंटी का पैसा दे दो ना सेठ, हमको भी खाना खाना है." हशा झाला. वॉचमन आला, त्याने मला हाताला धरून काढायला पाहिलं आणि माझं तोंड बघून हात मागे घेतला. ठेकेदाराला लाज वाटली की भीती, मला माहीत नाही. त्याने तिथेच थोडे दिले, आणि पुढच्या दोन शनिवारी, मी पुन्हा उभी राहिले म्हणून, बाकीचे दिले. सगळे मिळून पस्तीस हजार झाले. तरी दवाखान्याचा खर्च त्याने पूर्ण दिला नाही, हे लिहून ठेवते.

पाळकसाहेब म्हणतात, राग सैतानाकडून असतो. मग त्या गेटसमोर मला कोणी उभं केलं? शेजारणीचा हात दाबून पाळी पुढे ढकलणारी बाई मी. मंडळीत बाकाला धरल्याशिवाय उभं राहता आलं नव्हतं, तिथे धरायला काहीच नव्हतं. शास्त्रातसुद्धा माणसं देवाला रागाने विचारतात, कुठे आहेस, किती वाट बघू. त्यांना कोणी म्हटलं नाही की आधी स्तुती करा. मी शिकलेली नाही, मला ह्याचं उत्तर येत नाही. पण मला एवढं ठाऊक आहे की त्या दिवशी गाडीसमोर मी एकटी नव्हते. हे मी साक्षीत सांगणार नाही. कोणी विचारलं तरी नाही.

शेवटचे पैसे मिळाले त्याच आठवड्यात ते पस्तीस हजार मी आप्पांच्या घरी पोहोचवले. बाकीचे चपात्यांतून साठवले. मालक काठी घेऊन चालायला लागले, नंतर काठी सुटली, एका दुकानात बसून करायचं काम मिळालं. आप्पांच्या मुलीचं लग्न दरम्यान झालं. आम्हाला पत्रिका आली, आम्ही गेलो, जेवलो. काकूंनी मला वाढताना एक लाडू जास्त घातला. मी तो ताटात ठेवून उठले. वाया घालवू नये हे मलाही कळतं.

गेल्या आठवड्यात उरलेले सगळे जमले. दुपारी मी आप्पांच्या घरी गेले. आप्पा म्हशींना पेंड घालून नुकतेच हातपाय धुऊन बसले होते. काकूंनी चहा ठेवला. मी पैसे पुढे ठेवले.

आप्पा म्हणाले, "चला, आधी प्रार्थना करू. प्रभूनं सगळं नीट केलं."

मी म्हणाले, "आधी मोजा."

"मोजायचं काय त्यात? विश्वास हाय पोरी."

"मोजा, आप्पा."

काकू चहा घेऊन दारातच थांबल्या. आप्पांनी बोटाला थुंकी लावून नोटा मोजल्या. एकदा चुकले, पुन्हा मोजल्या. मोजून झाल्यावर गड्डी सरळ केली. मग म्हणाले, "तवा दवाखान्यात 'माझे हायत' म्हणायला पायजे हुतं मी. तोंडातनं निघत न्हाई गं आपल्या. सवयच न्हाई."

मी म्हणाले, "आता म्हणा."

"आता कशाला?"

"म्हणा. मी त्याच्यासाठीच आलेय."

त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी चहा खाली ठेवला. आप्पांनी नोटा उचलल्या, खिशात घातल्या, खिशावर हात ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझे साठ हजार. पुरे मिळाले."